मोडीत काढण्यापूर्वी

आमच्या कचेरीच्या दाराशी गेले तीन आठवडे एक गाडी उभी आहे. सीमाभागातील आमच्या बहुतेक वाचकांनी ती केव्हा ना केव्हा आपल्या गावच्या चव्हाट्यावर पाहिलेली आहे. 2008 साली नोंदलेली, पेट्रोलवर चालणारी, डाव्या दारास पोचा आलेली ही लहानशी मोटार खानापूर, नंदगड, जांबोटी, कणकुंबी, संकेश्वर, निपाणी अशी सर्व दिशांनी फिरली. तिच्यातून वार्ताहर गेले, सभांची पत्रके गेली, वकिलांकडे न्यावयाची कागदपत्रांची गाठोडी गेली, आणि प्रसंगी रात्री-अपरात्री एखाद्या खेड्यातला आजारी माणूसही दवाखान्यात गेला. तिच्या काट्यावरचा आकडा अडीच लाख किलोमीटरच्या पुढे सरकला आहे. अशी ही गाडी गेल्या 17 जानेवारीस बंद पडली.

त्या दिवशी सकाळी हुतात्म्यांस अभिवादन करून, 1986 च्या आंदोलनात लाठ्या खाल्लेल्या एका वृद्ध सत्याग्रहींस त्यांच्या गावी पोहोचविण्यासाठी गाडी जांबोटीच्या रस्त्यास लागली होती. चढावर उष्णतेचा काटा तांबड्या रेघेस भिडला, बॉनेटखालून पांढरी वाफ उसळली आणि इंजिनाने मान टाकली. वयाची ऐंशी ओलांडलेले ते गृहस्थ रस्त्याकडेच्या दगडावर दोन तास बसून राहिले. “माझ्यापेक्षा तीच आधी थकली म्हणायची,” एवढेच ते हसून म्हणाले. ते हसले, पण आम्हांस हसू आले नाही. सत्तर वर्षांच्या लढ्यातील एका माणसास आपण सुखरूप घरी पोहोचवू शकलो नाही, ही गोष्ट आमच्या मनास लागली, आणि तेव्हापासून या गाडीचे काय करावयाचे हा प्रश्न आमच्यापुढे उभा आहे.

सल्ल्यांची आपल्या समाजात कधीच टंचाई नसते. काही हितचिंतक म्हणाले, एवढी वर्षे जिने सेवा केली तिला भंगारात घालणे हा कृतघ्नपणा होय. दुसरे काही म्हणाले, जुन्या गाडीवर पैसा घालणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कर्ज काढा आणि नवी घ्या. एका तरुण कार्यकर्त्याने तर कचेरीतच, चार माणसांदेखत सुनावले, “ही गाडी आणि आपली चळवळ दोन्ही सारख्याच. धूर फार, चढ एकही नाही.” या शेवटच्या वाक्याचा समाचार आम्ही या लेखाच्या शेवटी घेणारच आहोत. तूर्त गाडीचेच पाहू. कारण असा प्रश्न आज केवळ आमच्या दारी उभा नाही. आमच्या वाचकवर्गातील दुकानदार, शिक्षक, शेतकरी, पेन्शनर, ज्यांनी आयुष्यात एकदाच पोटास चिमटा घेऊन गाडी घेतली, त्यांतील कित्येकांच्या अंगणात तो आज ना उद्या उभा राहणार आहे. म्हणून आमचा अनुभव आणि त्यावरून बनलेले आमचे मत येथे मांडणे अप्रस्तुत होणार नाही.

आमचे पहिले म्हणणे असे की, हा प्रश्न प्रेमाचाही नाही आणि प्रतिष्ठेचाही नाही. यंत्रास कृतज्ञता कळत नाही आणि दारातील नव्या गाडीने कोणाची उंची वाढत नाही. आमच्या बाबतीत तर हा पैसा वर्गणीदारांचा आहे. पाच-पाच, दहा-दहा रुपयांनी जमलेला पैसा भावनेच्या भरात दुरुस्तीवर उधळण्याचा आम्हांस जितका अधिकार नाही, तितकाच तो कंटाळ्याच्या भरात नव्या खरेदीवर उधळण्याचाही नाही. तेव्हा आधी रोग कोणता हे ठरवावे, मग खर्च मोजावा, आणि त्यानंतरच ठेवावी की काढावी याचा निर्णय करावा, हाच सरळ क्रम होय. दुर्दैवाने बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात. निर्णय आधी होतो आणि त्यास साजेसा रोग मागाहून शोधला जातो.

आमच्याही बाबतीत प्रथम तसेच घडले. गाडी दोराने ओढून ज्या गॅरेजात नेली, तेथील माणसाने बॉनेट उघडले, क्षणभर आत पाहिले आणि सांगून टाकले की इंजिन संपले. पिस्टन, रिंगा, बोअर, क्रँक, सगळे काम काढावे लागेल आणि पंचाण्णव हजार रुपये लागतील. चालू स्थितीत या गाडीस बाजारात नव्वद हजारही कोणी देईल की नाही याची शंका. म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक! हा आकडा ऐकून आमच्या व्यवस्थापकांनी गाडी मोडीत काढण्याचा कागद लिहावयास घेतला होता, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

परंतु वाफ निघाली एवढ्यावरून इंजिन मेले असे म्हणता येत नाही. यंत्राचीही एक भाषा असते. मोटारीच्या धुरांड्यातून काळा धूर निघाला तर इंधन पुरते जळत नाही असे समजावे. निळसर धूर आणि तेलाचा वास आला तर इंजिनातील वंगण ज्वलनकक्षात शिरून जळत आहे असे समजावे. त्यास रिंगा झिजलेल्या असतील किंवा व्हॉल्व्हची रबरी सीले कडक झालेली असतील. गाडी गरम झाल्यावरही पांढरी वाफ निघत राहिली आणि रेडिएटरातील पाणी कमी होत गेले, तर थंडाव्याचे पाणी भलत्या वाटेने सिलिंडरात उतरत आहे असे धरून चालावे. तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा पांढुरका साका दिसला तर पाणी आणि तेल एकत्र झाले. इंजिनाच्या पोटातून जड ठोका ऐकू आला आणि तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा विझेना, तर मात्र बेअरिंगांचे दुखणे आहे आणि ते खर्चाचे आहे. ही लक्षणे ओळखण्यास इंजिनिअर होण्याची गरज नाही. डोळे, कान आणि थोडा धीर असला म्हणजे पुरे.

आम्ही दुसरे मत घ्यावयाचे ठरविले. उद्यमबागेच्या बाजूस एक वयस्क मिस्त्री आहेत. पाटी नाही, जाहिरात नाही, हाताला काम मात्र चोख. त्यांनी प्रथम गाडी उघडण्यासच नकार दिला. चारही स्पार्क प्लग काढून त्यांनी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. पहिला आणि चौथा ठीक. दुसरा आणि तिसरा मात्र निम्म्यावर आलेले. त्यांनी त्या दोहोंत चमचाभर इंजिन ऑईल सोडून दाब पुन्हा मोजला. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरून दाब चढला असता. तो चढला नाही. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम जावा आणि तेलाने तो सुधारू नये, याचा बहुधा एकच अर्थ होतो: ब्लॉक आणि हेड यांच्यामधले गॅस्केट त्या दोहोंच्या मधोमध जळाले आहे. तेलही त्यांनी बोटावर घेऊन पाहिले. ते काळे होते, परंतु पांढुरके झालेले नव्हते. मिस्त्री म्हणाले, “साहेब, इंजिन गेलेलं नाही. पाणी गेलं, ते तुम्हाला कळलं नाही.”

या एका वाक्यात सगळा आजार आला. हेड गॅस्केट जळाले हा परिणाम होता. कारण निराळेच होते. रेडिएटर काढून पाहिला तेव्हा त्याच्या नळ्या क्षाराने निम्म्याहून अधिक भरलेल्या निघाल्या. वर्षानुवर्षे, जेथे गाडी थांबेल तेथे, विहिरीचे, बोअरचे, हॉटेलातल्या पिंपाचे पाणी ओतून आम्ही वेळ मारून नेली होती. थंडाव्यासाठी जो द्रव घालावयाचा, त्यात गंज आणि क्षार रोखणारी द्रव्ये असतात; साध्या पाण्यात ती नसतात. पाण्याच्या पंपासही गळती होती. मग उष्णता बाहेर जाणार कोठून? हेड तापले, वाकले आणि जेथे दाब अधिक तेथे गॅस्केटने जीव सोडला. नुसते गॅस्केट बदलून गाडी रस्त्यावर आणली असती, तर सहा महिन्यांत ती पुन्हा त्याच चढावर उभी राहिली असती, आणि मग आम्ही “जुन्या गाडीत पैसा घालून उपयोग नाही” असे म्हणत सुटलो असतो. दोष मात्र वयाचा नव्हता. आमच्या हेळसांडीचा होता.

हेडला फेसिंग, नवे गॅस्केट, व्हॉल्व्हची सीले, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर, नवे तेल, योग्य कूलंट आणि मजुरी धरून मिस्त्रींनी अठ्ठावीस हजारांचा अंदाज दिला. पंचाण्णव हजार आणि अठ्ठावीस हजार यांतील अंतर हे दोन कारागिरांच्या दरांतील अंतर नव्हे. न पाहता दिलेल्या मतातील आणि मोजून दिलेल्या मतातील ते अंतर आहे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्या कामास होकार देण्यापूर्वी दाबाची ही चाचणी करून घ्यावी आणि तिचे आकडे कागदावर लिहून घ्यावेत. जो ते लिहून देण्यास टाळाटाळ करील, त्याच्याकडून गाडी उघडूनच घेऊ नये.

तथापि इंजिन म्हणजे गाडी नव्हे. पश्चिम खानापूरच्या मुसळधार पावसात वर्षानुवर्षे फिरलेल्या गाडीचा खरा शत्रू इंजिनाच्या पोटात नसून तिच्या तळाशी असतो. चिखल साचतो, ओल धरते आणि पत्रा आतून गंजत जातो. इंजिन नव्यासारखे करून घ्यावे आणि वर्षभरात चाकाच्या आधाराचा पत्राच सुटावा, असे कित्येकांच्या बाबतीत घडते. म्हणून आम्ही होकार देण्यापूर्वी गाडी उंच उचलून तळ पाहण्याचा आग्रह धरला. मागच्या बाजूस जमिनीच्या पत्र्यास दोन ठिकाणी भोके होती. परंतु मुख्य सांगाडा, सस्पेन्शनच्या जागा आणि ब्रेकच्या नळ्या शाबूत निघाल्या. त्या शाबूत नसत्या तर आमचा निर्णय उलट झाला असता, हे स्पष्ट सांगतो. सांगाडा कुजलेल्या गाडीवर इंजिनाचा खर्च करणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशांवर नवी कौले चढविण्यासारखे आहे.

आता हिशेबाकडे वळू. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाला की गाडी काढून टाकावी, असा एक ठोकताळा लोकांत रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. गाडी विकावयाचीच नसेल तर तिची बाजारातील किंमत हा तुलनेचा मापदंडच नव्हे. खरी तुलना अशी करावी: दुरुस्त केलेली गाडी महिन्याला कितीस पडेल, आणि तिच्या जागी येणारी गाडी महिन्याला कितीस पडेल? आमच्या गाडीचे इंजिनाचे काम अठ्ठावीस हजार. टायर, ब्रेक आणि तळाचा पत्रा मिळून आणखी बावीस हजार. एकूण पन्नास हजार. तिची नोंदणी 2028 च्या दसऱ्यापर्यंत आहे. म्हणजे सुमारे तीस महिने धरले तर महिना सतराशे रुपयांच्या आत. किरकोळ दुरुस्तीस वर्षाला तीस हजार बाजूस ठेवले तर आणखी अडीच हजार. म्हणजे जुनी गाडी महिन्याला सव्वाचार हजारांच्या आत पडते.

नवी गाडी दहा लाखांची धरली, दोन लाख रोख दिले आणि आठ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर हप्ता सोळा हजार आठशेच्या आसपास येतो. पाच वर्षांनी ती साडेचार लाखांस विकली असे उदारपणे मानले, तरी तिची खरी किंमत महिना साडेबारा हजारांहून अधिक पडते. यात एक गोष्ट नव्या गाडीच्या बाजूने मांडलीच पाहिजे, नाहीतर हिशेब लबाडीचा ठरेल. आमची गाडी लिटरला तेरा किलोमीटर जाते. नवी अठरा जाईल. महिन्याला बाराशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीत हा फरक पंचवीस लिटरांचा आहे. लिटरला शंभर रुपये धरले तर अडीच हजारांचा. तो वजा करूनही जुनी गाडी ठेवण्यात महिन्याला सुमारे सहा हजार वाचतात. मात्र ही बचत कागदावरची आहे, हे विसरून चालणार नाही. वाचलेला पैसा वाचल्याक्षणी बाजूस काढला नाही तर तो चहापाण्यात विरून जातो, आणि 2028 साली आपण पुन्हा रिकाम्या हातांनी त्याच दाराशी उभे राहतो. म्हणून महिन्याला पाच हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकण्याचे आम्ही ठरविले आहे. तीस महिन्यांत त्याचे दीड लाख होतील.

याच ठिकाणी आणखी एका मोहाविषयी सांगणे अवश्य आहे. “गेल्या वर्षी क्लचवर एवढे घातले, बॅटरी नवी टाकली, आता सोडून कशी द्यायची?” हा युक्तिवाद आम्ही घरोघरी ऐकतो. गेलेला पैसा गेला. गाडी ठेवली तरी तो परत येत नाही आणि विकली तरी येत नाही. आजचा निर्णय करताना फक्त पुढचे पाहावयाचे असते. आम्ही गाडी ठेवीत आहोत ती मागे घातलेल्या पैशासाठी नव्हे, पुढे लागणारा पैसा परवडतो म्हणून.

कायद्याची बाजूही दृष्टीआड करून चालणार नाही. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाची फी 1 एप्रिल 2022 पासून मोटारीस सहाशेवरून पाच हजार करण्यात आली, आणि वीस वर्षांपुढील मोटारीस ती 2025 साली दहा हजारांवर नेण्यात आली. 2021 साली आलेल्या भंगार धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत दिल्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळविण्यास ते उपयोगी पडते. म्हणून ज्यास गाडी काढावयाचीच असेल त्याने ती कोपऱ्यावरच्या भंगारवाल्यास न देता रीतसर मोडावी आणि नोंदणीही रद्द करून घ्यावी. एरव्ही दुसऱ्याच्या हाती गेलेल्या गाडीच्या गुन्ह्यासाठी पोलीस आपल्या दारी यावयाचे. जुन्या बाजारातून दुसरे इंजिन आणून बसविणारांनी नोंदणीच्या कागदावरील इंजिन क्रमांक बदलून घेण्यास विसरू नये. आणि सीमाभागापुरते विशेष सांगावयाचे ते असे की, कोल्हापुराकडे जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून तेथे घेऊन येथे कायमची वापरणारास बारा महिन्यांनंतर येथील क्रमांक घेणे आणि येथील कर भरणे भाग आहे. स्वस्त म्हणून घेतलेली गाडी त्या कराने महाग होते. भाषेने एक असलेल्या दोन गावांमधली ही रेघ माणसांप्रमाणे गाड्यांनाही भोगावी लागते, एवढेच येथे म्हणतो.

पेट्रोलाचाही विचार हवा. आता देशभर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते काढण्यास आपल्याच भागातील ऊसही खर्ची पडतो, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु पुष्कळ जुन्या गाड्या या मिश्रणासाठी बनविलेल्या नव्हत्या. तेव्हा इंजिन उघडलेच आहे तर इंधनाच्या रबरी नळ्या तपासून, कडक झालेल्या बदलून घ्याव्यात. दोन-चारशे रुपयांची नळी वाचविण्यासाठी आगीचा धोका पत्करणे यास काटकसर म्हणत नाहीत.

आमच्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप पैशाचा नसून जिवाचा आहे, आणि तो आम्ही झाकून ठेवणार नाही. चाके न अडकता ब्रेक लावणारी यंत्रणा 2019 पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली. एअरबॅगांची सक्तीही त्याच काळातली. 2008 सालच्या आमच्या गाडीत यांतील एकही नाही. इंजिन कितीही चांगले केले तरी ते येणार नाही. ज्या कुटुंबास रोज महामार्गाने लेकराबाळांसह प्रवास करावा लागतो आणि ज्याची ऐपत आहे, त्याने केवळ या एका कारणासाठी गाडी बदलली तर तो योग्यच करतो असे आम्ही म्हणू. आमच्या गाडीचा बहुतेक प्रवास खेड्यांच्या रस्त्यांवरचा, कमी वेगाचा आहे. तरीही घाटात रात्री माणसे घेऊन ती जाणार नाही. त्या कामास भाड्याची गाडी घेतली जाईल.

दुरुस्तीकडे हलक्या नजरेने पाहणारांस आमच्या या शहराचा इतिहास आठवून देणे आम्हांस आवश्यक वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली येथेच सायकलीचे दुकान मांडले. दुसऱ्यांनी बनविलेली यंत्रे हाताळता हाताळता या माणसास यंत्र कळले, मग लोखंडी नांगर आला, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. उद्यमबागेतील लेथ, ओतशाळा आणि क्रँकशाफ्टची कामे करणारे कारखाने आजही या भागातील शेकडो घरांच्या चुली पेटवितात. मोजून, उघडून, कारण शोधून दुरुस्त करणे ही आपल्या भागाची विद्या आहे. प्रत्येक बिघडलेली वस्तू फेकून देणारा समाज ती विद्याही हळूहळू फेकून देतो, आणि मग दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर मान डोलावण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही.

आता त्या तरुण कार्यकर्त्याच्या वाक्याकडे येऊ. गाडी आणि चळवळ सारख्याच, असे तो म्हणाला. त्याचा राग आम्हांस आला, हे खरे. परंतु रात्री विचार केला तेव्हा त्याचे अर्धे म्हणणे आम्हांस नाकारता येईना. 1956 च्या 17 जानेवारीस ज्यांनी रक्त सांडले आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला ज्यांच्या इच्छेविरुद्ध हा मुलूख दुसऱ्या राज्यास जोडला गेला, त्यांच्या मागणीत काही गंज चढलेला नाही. 1967 चा महाजन अहवाल आपण नाकारला तो पुराव्यानिशी; 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तोही पुराव्यानिशी; आणि 27 डिसेंबर 2022 रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 865 गावांविषयी ठराव केला तो एकमताने. सांगाडा शाबूत आहे. परंतु 2013 साली विधानसभेत आपले दोन प्रतिनिधी होते. 2018 साली एकही नाही आणि 2023 सालीही एकही नाही. ही वाफ आहे. ती पाहून कोणी म्हणतो, इंजिन संपले, मोडीत काढा. आणि कोणी म्हणतो, काही झालेले नाही, ढकला. दोघेही न मोजता बोलतात.

आमचे निदान असे की, जळाले ते शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांमधले गॅस्केट. एकाच गावात दोन गट, एकाच मतदारसंघात दोन उमेदवार, आणि एकाचा दाब दुसऱ्यात जाऊन दोघेही निकामी. त्याचेही कारण पुन्हा थंडाव्याच्या पाण्यातच सापडते. 17 जानेवारी आणि 1 नोव्हेंबर या दोन दिवशी आपण घोषणा ओततो आणि उरलेले 363 दिवस झाकण उघडून पाहत नाही. मराठी शाळेतील पट किती घटला, सरकारी कचेरीत मराठीतून दिलेल्या अर्जाचे काय झाले, नव्या मतदारांची नावे यादीत चढली की नाही, हे रोज पाहावयाचे काम आहे. ते झाले नाही म्हणून हेड तापले. त्या तरुणास आमचे उत्तर एवढेच की, धूर तू बरोबर पाहिलास. आता बाह्या सरसावून दाब मोजावयास ये. त्याचे कान टोचण्याचा अधिकार ज्यांनी गेली काही वर्षे पाणी पाहिले नाही अशा आम्हा वडीलधाऱ्यांस नाही.

असो. गाडीचा निर्णय झाला आहे. ती दुरुस्त होईल. खर्चाची मर्यादा साठ हजार ठरली असून हेड उघडल्यावर ब्लॉकला चीर निघाली आणि खर्च त्या पलीकडे गेला, तर काम तेथेच थांबवून गाडी रीतसर मोडीत दिली जाईल. मग “एवढे केले तर थोडे आणखी” हे कोणाचेही ऐकले जाणार नाही. 2028 च्या दसऱ्यास तिचा पुन्हा विचार होईल. झालेल्या खर्चाची पावती वर्गणीदारांस पाहता यावी म्हणून कचेरीच्या फलकावर लावली जाईल.

मिस्त्रींनी सांगितल्यावरून आम्ही चालकाच्या दाराच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटविणार आहोत. गाडी सकाळी बाहेर काढण्यापूर्वी, इंजिन थंड असतानाच, पाणी आणि तेल पाहावयाचे आणि पाहणाराने तारखेपुढे सही करावयाची. पहिल्या महिन्याच्या सह्या संपादकांनी स्वतः कराव्यात असे ठरले आहे. जांबोटीच्या रस्त्यावर दोन तास दगडावर बसलेल्या त्या वृद्ध सत्याग्रहींस आम्ही निरोप धाडला आहे की, गाडी तयार होताच पहिली फेरी आपल्या गावची.